सेल्वानेच्या वहीतली खूण

तिसऱ्या वळणावर सेल्वाने थांबली. पायातला बूट काढून तिनं त्यातला खडा झटकला आणि मागून येणाऱ्या शालिनीबाईंना हाक मारली, "ये, सावकाश ये. खडक काही पळून जात नाही. नेटवर्क मात्र जातं."

"दर वेळी हेच म्हणतेस तू," शालिनीबाई धापा टाकत म्हणाल्या.

"आणि दर वेळी तू मागेच असतेस."

हा-तेफो गाव सोडून दीड तास झाला होता आणि वर कड्यापर्यंत अजून तासभराची चढण होती. नोव्हेंबर संपत आला होता. ऊन तापलं होतं, तरी सेल्वानेच्या खांद्यावर कांबळं होतंच, छातीशी मोठी पिन लावून. डोंगरातल्या आभाळाचा भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. पाठीवरच्या पिशवीत शाळेचा फोन, डब्यात उकडलेले मक्याचे दाणे आणि चवळी, आणि प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली एक जाड वही.

या वहीसाठीच दर शनिवारी ही चढण होत असे. गावात फोन लागत नाही. लागतो तो फक्त वर कड्याच्या टोकाला, एका सपाट खडकावर बसलं तर. गावातली माणसं त्याला नेटवर्कचा खडक म्हणतात. लोक तिथं येतात ते खाणीत कामाला गेलेल्या माणसाशी बोलायला, नाही तर राजधानीत, मासेरूला शिकणाऱ्या लेकीची खुशाली विचारायला. सेल्वाने जायची विज्ञान आणायला. बायका झऱ्यावरून पाणी आणतात तसं ती खडकावरून धडे उतरवून आणायची आणि सोमवारी शाळेत वाटायची.

शालिनीबाई त्याच मिशनच्या शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवत होत्या. येत्या गुरुवारी त्या कायमच्या बार्शीला परत जायच्या होत्या. हा त्यांचा शेवटचा शनिवार. दोघींनाही ते ठाऊक होतं आणि दोघींनीही अजून त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

आज खडकावर एक खास काम होतं. दूर उत्तरेकडच्या देशातल्या एका साइटनं आपला एक धडा बदलला होता, असा निरोप आला होता. खरंच बदललाय का आणि काय बदललाय, ते सेल्वानेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सेल्वाने एकोणीस वर्षांची असताना शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. नवरा खाणीत होता. तीनशे पोरांसाठी मक्याचा घट्ट पापा घाटायचा म्हणजे खांद्याचं काम. पापाबरोबर पालेभाजी, आणि हिवाळ्यात सकाळी ज्वारीची आंबट पेज. पुढे नवरा छातीत खाणीची धूळ घेऊन घरी आला आणि दोन वर्षांत गेला. पदरी दोन मुली. त्याच साली प्रयोगशाळेत काचसामान धुवायला माणूस हवं झालं. पगार तोच होता, पण धूर नव्हता. तिनं हात वर केला.

काचा धुता धुता ती दारातून ऐकत राहिली. कुठल्या बाटलीला हात लावायचा नाही, कुठलं पाणी लाल होतं, दिव्याची ज्योत निळी कधी होते, हे सगळं तिला पाठ झालं. विज्ञानाचे मास्तर रजेवर असले की मुलं तिलाच विचारायची. ती म्हणायची, "मला विचारू नका, मी भांडीवाली आहे." आणि मग सांगायची.

गेल्या वर्षी मास्तरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. जिल्ह्याचं गाव गाडीनं पाच तासांवर. इतक्या लांब, इतक्या थंडीत कोण येतो? मुख्याध्यापक न्ताते लेबुसा म्हणाले, विज्ञानाचे वर्ग बंद करू, मुलं दुसरे विषय घेतील. (इथं मानानं पुरुषाला न्ताते म्हणतात, बाईला म्मे.) न्ताते लेबुसा माणूस भला, पण त्यांच्या डोक्यात आधी वेळापत्रक येतं, मग मुलं.

सेल्वाने त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. "न्ताते, माझी लेक सांगते, फोनवर सगळे धडे फुकट मिळतात. मोठमोठ्या शाळांचे. वर चढून मी उतरवून आणते."

"म्मे सेल्वाने, फोनवर नाचगाणी पण फुकट मिळतात."

"म्हणून तर मी जाते म्हणते. मला गुडघ्यांमुळे नाचता येत नाही."

न्ताते हसले आणि तिथंच फसले. शाळेचा फोन आणि महिन्याचा डेटा तिच्या हवाली झाला. पण सोबत एक अट आली: वर्षभरात काही दिसलं नाही, तर फोन परत आणि वर्ग बंद.

असं सुरू झालं. पहिले दोन महिने ती खडकावर बसून नुसतं बघत राहिली. तिचं इंग्रजी बेताचं, एक एक शब्द लावून वाचायची. अडलं की कागदावर उतरवून शालिनीबाईंच्या दारात. शालिनीबाई सकाळी देवापुढे दिवा लावत असायच्या, ही उंबऱ्यात गुमान उभी. हात जोडून झाले की लगेच, "झालं का देवाचं? आता माझं बघ. हा घनता म्हणजे काय म्हणतोय?"

तिच्या लवकरच लक्षात आलं, की फोनवर विज्ञानाचा पूर आहे आणि पुरातलं सगळंच पाणी पिण्याजोगं नसतं. मग वही आली. प्रत्येक धड्याला एक ओळ: साइटचं नाव, कुठल्या वर्गाला उपयोगी, डेटा किती खातो. आणि पुढे तिचा शेरा. "हा माणूस फार बोलतो. सहाव्या मिनिटापासून बघा." "चित्रं छान, पण बाई इतकी भरभर बोलते की जणू तिची गाडी सुटतेय. दोनदा ऐका." "इथं पडद्यावर तारा आणि दिवे जोडता येतात. उलटसुलट जोडलं तरी काही जळत नाही, म्हणून सगळ्यांनी आधी इथं जोडा." "हृदयाचं चित्र खरं आहे. खाटकाकडून मेंढीचं आणून शेजारी ठेवलं, चारही कप्पे सापडले."

शेवटच्या रकान्यात खूण. बरोबरची साधी खूण, निळ्या शाईतली.

त्या खुणेचा नियम तिचा तिनं केला होता: धडा स्वतः करून पाहिल्याशिवाय खूण नाही. पडद्यावर दिवा लागला म्हणून ती खूण करायची नाही. बॅटरीचे जुने सेल, तारेचा तुकडा, सायकलचा बल्ब घेऊन बसायची. बटाट्यातून वीज निघते म्हणतात? मग बटाटे आणा. एकदा प्रयोगासाठी सहा बटाटे गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका भांडायला आल्या. ही म्हणाली, "संध्याकाळी शिजवून परत देते." आणि दिलेही. वर्षभरात तिच्या वहीत एकशे अठरा धडे झाले आणि त्यांतल्या एक्काहत्तर धड्यांपुढे खूण होती.

मुलांचा त्या खुणेवर देवावर असावा तसा भरवसा बसला. पुस्तकात एक असेल आणि खुणेच्या धड्यात दुसरं, तर मुलं धड्याचं धरायची. नेमकं तेच अंगाशी आलं.

"सांगू का," वळणावरून पुन्हा चढायला लागल्यावर सेल्वाने म्हणाली, "त्या बुधवारची मला अजून लाज वाटते."

"पोरी जिंकून आल्या आणि तुला लाज?"

"जिंकल्या त्या त्यांच्या अकलेनं. चूक माझी होती. दोन्ही लक्षात ठेवायचं."

तो बुधवार सप्टेंबरातला. शुक्रवारी जिल्ह्याच्या गावी शाळांचा विज्ञान मेळावा होता. न्ताते लेबुसांनी सांगूनच ठेवलं होतं: या मेळाव्यात आपल्या मुलींचं हसं झालं, तर फोनवरचं शिक्षण संपलं. मास्तर नसलेली शाळा विज्ञान शिकवू शकते की नाही, याचा निकाल त्या एका टेबलावर लागणार होता.

मुली तिघी, त्यांची म्होरकी दिपुओ. हडकुळी, बोलायला फटकळ, आजीजवळ राहणारी. त्यांनी निवडलं होतं सावलीचं घड्याळ. वहीतला एकोणचाळिसावा धडा, पुढे निळी खूण. फळीवर मधोमध सरळ उभी काठी, तासातासाला सावली कुठं पडते ते कोळशानं टिपायचं, मग तिथं आकडे रंगवायचे. प्रयोगशाळेच्या ओट्यावर फळी ठेवून पोरींनी तेवीस दिवस न चुकता टिपलं. शेवटी गुळगुळीत फळीवर पांढऱ्या रंगात सुरेख आकडे काढले आणि शुद्ध वहीत नोंदी उतरवल्या.

बुधवारी सकाळी सेल्वाने ओट्यावरून पाण्याची बादली घेऊन चालली होती. शाळेची नऊची घंटा नुकतीच झाली होती. तिची नजर फळीवर गेली. काठीची सावली तीनच्या आकड्यावर पडली होती.

तिनं बादली खाली ठेवली.

"दिपुओ! अगं औसी, पोरी, इकडे ये. किती वाजले?"

"नऊ, म्मे."

"आणि हे काय म्हणतंय?"

दिपुओनं मान खाली घातली. "तीन. काठी वाकडी बसलीय वाटतं. काल पण असंच झालं. आम्ही ठोकून सरळ करतोय."

"बाराला बारा दाखवतं?"

"हो, बाराला बरोबर दाखवतं. फक्त सकाळ आणि दुपारची अदलाबदल होते."

"आणि तेवीस दिवस तुम्ही टिपलं, तेव्हा सावली कुठं पडायची?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी दिपुओनंच तोंड उघडलं. तेवीस दिवस सावली उलटीच फिरत होती. रंगवायला बसल्या तेव्हा त्यांनी फोनवरचं चित्र पुन्हा काढून पाहिलं, तर त्यात आकडे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत होते. मग त्यांना वाटलं, आपलंच टिपण चुकलं. म्हणून चित्राप्रमाणे आकडे काढले, बारा जुळावेत म्हणून फळी फिरवून ठेवली आणि शुद्ध वहीतल्या नोंदीही चित्राला जुळतील अशा बदलून लिहिल्या.

"तेवीस दिवस डोळ्यांनी बघितलेलं बदललंत?"

"धडा कसा चुकेल, म्मे?" दिपुओच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याच्यापुढे तुमची खूण आहे."

सेल्वाने ओट्यावर खालीच बसली. तिला आठवलं, तो धडा मे महिन्यात आला होता. तिच्या भावाची माती होती त्या आठवड्यात. धड्याचं चित्र तिनं पाहिलं आणि मनाशी म्हणाली, काठी आणि सावली, यात करून काय बघायचं? शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. आणि खूण करून टाकली. एक्काहत्तरांतली तेवढीच एक, न करता केलेली.

आणि ती तर याच डोंगरात जन्मलेली. इथं सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो, म्हणून घरांची दारं तिकडे. घराच्या मागच्या बाजूला, दक्षिणेला, जुलैच्या हिवाळ्यातलं बर्फ तीन तीन आठवडे वितळत नाही. पोरं तिथं घसरून पडतात. दुपारची सावली दक्षिणेकडे पडते हे तिच्या पायांना ठाऊक होतं. धडा बनवणारे पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागातले. त्यांचा सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते आणि काट्यासारखी फिरते. त्यांच्या अंगणात ते खरंच होतं. ते फक्त एवढं सांगायला विसरले, की अंगण त्यांचं आहे.

"कच्चे कागद कुठं आहेत?" तिनं विचारलं. "ज्यावर रोज टिपलंत ते?"

"जुन्या पेपरांच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. तुमच्या खोलीतल्या गठ्ठ्यात परत ठेवले."

त्या गठ्ठ्यातले कागद सेल्वाने काचसामान गुंडाळायला वापरते. आणि मेळाव्यात इतर प्रयोगांना लागतील म्हणून आदल्याच दिवशी तिनं सगळी चंचुपात्रं, नळ्या, पेले गुंडाळून खोक्यांत भरले होते. मग काय, चौघी जमिनीवर बसल्या आणि एकेक पेला उलगडायला लागल्या. शालिनीबाई वर्गावर जाताना डोकावल्या, तर जमीनभर चकचकीत काच आणि मधे सेल्वाने चुरगळलेला कागद मांडीवर सरळ करत बसलेली.

"काय चाललंय?"

"पाप उलगडतेय," ती म्हणाली. "बस आणि मदत कर."

दुपारपर्यंत तेवीसच्या तेवीस कागद सापडले. एकाला शाई लागली होती, पण वाचता येत होतं. सावली रोज उलटीच फिरलेली, एक दिवसही चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना आणि स्तोत्र झाल्यावर सेल्वानेनं न्ताते लेबुसांकडे दोन मिनिटं मागून घेतली. तीनशे मुलांपुढे ती यापूर्वी उभी राहिली होती ती फक्त पापाची पळी हातात घेऊन. तिनं वही वर धरली.

"एकोणचाळिसाव्या धड्यापुढची खूण मी न करून बघता केली. तीन मुलींनी माझ्या खुणेवर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही. देवानं सावली जिथं पाडली तिथं ती पडली होती. मी बघितलं नाही." आणि सगळ्यांसमोर तिनं त्या खुणेवर आडवी रेघ मारली.

कुणी हसलं नाही. मागून एक पोरगा तेवढा म्हणाला, "म्मे, बटाट्याच्या खुणेवर पण रेघ मारा, आमच्या घरी नाही चालला." तेव्हा मात्र सगळे हसले, आणि ती पण.

न्ताते लेबुसांनी तिला बाजूला घेतलं. "म्मे, मेळाव्याला नाही गेलं तर? उलटं घड्याळ घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील?"

"न्ताते, पोरी आज दिवसभर बसून नवी फळी रंगवतील. दोन्ही फळ्या न्यायच्या. चुकलेली पण."

"चुकलेली कशाला?"

"चुकली नसती तर आम्हाला कळलं असतं का?"

न्तातेंनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "गाडी पहाटे चारला निघेल. माझं वर्षभराचं बोलणं लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे. फोन धुऊनपुसून परत देईन."

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. चाळीस टेबलं, प्रत्येकावर काहीतरी लुकलुकणारं. हा-तेफोच्या टेबलावर दोन फळ्या आणि चुरगळून सरळ केलेल्या कागदांचा गठ्ठा. परीक्षक उंचेपुरे, टाय लावलेले, हातात चहाचा कप. त्यांनी नव्या फळीकडे पाहिलं आणि त्यांची भुवई वर गेली.

"आकडे उलटे काढलेत की, पोरींनो. घड्याळ असं फिरत नाही."

"आमचं फिरतं, न्ताते," दिपुओ म्हणाली. "बाहेर उन्हात याल का?"

"बाळा, मला चाळीस टेबलं बघायची आहेत." त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

सेल्वानेनं काय करावं? तिनं एका काखेत फळी घेतली, दुसऱ्या हातात त्यांचा चहा उचलला आणि चालू लागली.

"अहो म्मे! माझा चहा!"

"उन्हात आहे, न्ताते," ती दारातून म्हणाली.

बिचारे चहामागे बाहेर आले. मागोमाग शेजारच्या चार टेबलांवरची पोरं. सेल्वानेनं फळी सपाट जागी ठेवली, दिपुओनं होकायंत्र लावून ती नीट बसवली. सावली साडेदहाच्या जरा पुढे पडली. परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं: दहा पस्तीस. मग ते उकिडवे बसले. चहा संपेपर्यंत, चांगली पंधरा मिनिटं, सावली उलट्या बाजूनं सरकताना बघत बसले.

"मी बुथा-बुथेच्या डोंगरात वाढलो," ते शेवटी म्हणाले. "लहानपणी शेळ्या घराच्या सावलीत बांधायचो. आणि मीच तुम्हाला उलटं म्हणालो."

"आम्ही पण म्हणालो होतो," दिपुओ म्हणाली आणि त्यांच्या पुढ्यात चुकलेली फळी आणि तेवीस कागद ठेवले.

त्यांनी एकेक कागद वाचला. शाईचा डाग पडलेलासुद्धा.

दुसरा नंबर आला. पहिला उन्हावर अंडी उबवणाऱ्या पेटीला मिळाला. त्याबद्दल कुणी हळहळलं की सेल्वाने म्हणते, "बरोबरच झालं. त्यांची पिल्लं खरोखर बाहेर आली होती, मी मोजली." पण परतीच्या गाडीत न्ताते लेबुसा पाच तास पुढे बसून होते, आणि गाव जवळ आल्यावर मागे न बघताच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून डेटा दुप्पट." मग बरंच अंतर गेल्यावर, "आणि काचसामान परत गुंडाळताना कोरे कागद वापरा."

त्याच शनिवारी दिपुओनं खडकावर बसून साइटवाल्यांना पत्र लिहिलं होतं. सरळ लिहिलं: तुमचा धडा तुमच्याकडे बरोबर आहे, आमच्याकडे चूक आहे, नोंदी सोबत जोडल्यात. पाच आठवडे उत्तर नाही. मग आलं. त्यांनी क्षमा मागितली होती आणि सगळ्या कागदांचे फोटो मागवले होते.

वाटेतल्या दगडांच्या राशीशी दोघी पोचल्या. इथून पुढे खिंड. जाणारा-येणारा एक दगड उचलून राशीवर ठेवतो, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. सेल्वानेनं एक ठेवला. मग आणखी एक, मोठा, दोन्ही हातांनी उचलून.

"दुसरा कुणाचा?" शालिनीबाईंनी विचारलं.

"विमानाचा," सेल्वाने म्हणाली आणि पुढे चालू लागली.

शालिनीबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आपलाही एक दगड ठेवला आणि तिच्या मागे निघाल्या.

खडकावर वारा होता. पिशवीतून फोन निघाला. आधी एक रेघ, मग दोन, मग टिणटिण टिणटिण, आठवड्याभराचे निरोप. सेल्वानेनं बाकीच्यांकडे बघितलंही नाही. तिनं धडा उघडला. पान हळूहळू वरून खाली उतरत आलं.

आता तिथं दोन चित्रं होती. एक जुनं. त्याच्या शेजारी दुसरं, तसंच घड्याळ, पण आकडे उलट्या अंगानं. वर लिहिलं होतं, विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी. खाली बारीक अक्षरांत ओळ होती. सेल्वानेनं एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचली: हे चित्र हा-तेफो इथल्या तीन विद्यार्थिनींनी तेवीस दिवस घेतलेल्या नोंदींवरून केले आहे. पुढे तिघींची नावं. दिपुओचं पहिलं.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्यानं, खिंडीच्या दिशेनं, जणू खाली गावाला ऐकू जावी. एरवी वाऱ्यालाही न घाबरणारी बाई, कांबळ्याच्या टोकानं डोळे पुसायला लागली.

"बघ तर," शालिनीबाई म्हणाल्या. "जगात कुठेही, दक्षिणेकडचं कुणीही पोर आता हा धडा काढेल, तर त्याला तुमची सावली दिसेल."

"आमची नाही. त्याचीच त्याला दिसेल." मग ती हसली. "पण बघितली कुणी? आमच्या दिपुओनं."

डबा उघडला. दोघींनी चवळी खाल्ली. सेल्वानेनं गुडघ्यावर वही घेतली आणि एकोणचाळिसावी ओळ काढली. रेघ मारलेली खूण तशीच होती. तिच्या शेजारी तिनं पेननं नवी चौकट आखली, मधे उभी रेघ मारून तिचे दोन भाग केले आणि एका भागात सावकाश निळी खूण केली.

"हं, आता दुसरीकडे पण कर," शालिनीबाई म्हणाल्या. "दोन्ही चित्रं बरोबरच आहेत. पुस्तकात आहे, मी शिकवलंय."

"शिकवलंयस. बघितलंयस?"

 इथं येण्याआधी बार्शीच्या अंगणात शालिनीबाईंच्याही सावल्या पडल्या होत्या, पण कुठल्या अंगाला, ते त्यांना छातीठोक सांगता येईना.

"बघ," सेल्वाने म्हणाली. तिनं वही मिटली नव्हती, पेनही हातातच होतं. "मी तर त्या बाजूला कधी जाणार नाही. गुडघ्यात एवढंच डोंगर चढायचं बळ उरलंय. तू चाललीस. तुला तिथं अंगण आहे ना?"

"आहे. तुळशीजवळ मोकळी जागा आहे."

"डिसेंबरात पोचशील. मग एक काम कर माझं. तुळशीजवळ काठी उभी कर, सरळ. नऊला, बाराला आणि तीनला खडूनं खूण कर. एक दिवस नको, सात दिवस कर. चहाच्या नादात नऊचे सव्वानऊ करू नकोस. सावली जिथं पडेल तिथंच टीप, पुस्तकात काय आहे ते बघू नकोस. आणि मला लिहून पाठव. तोवर हा अर्धा भाग मी कोरा ठेवते."